आधीच उभी असलेली मदत

प्रस्तावना

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच लागला होता. पुण्याहून साताऱ्याला जाताना आम्ही खंबाटकी घाट उतरत होतो. आमच्या पुढचा मोटरसायकलवाला एका वळणावर घसरला आणि कठड्यावर जाऊन आदळला. गाड्या थांबल्या, माणसं धावली, मीही धावलो. कुणी तरी त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी ओढून काढलं. कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली. मग आम्ही पाच-सहा जणांनी हातापायांना धरून त्याला उचललं आणि एका जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं. मी त्याचा डावा पाय धरला होता. जीप गेली. तो वाचला की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी तिथे जमलेल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं. तरीही आम्ही जे जे केलं ते चुकलं होतं. मान न धरता हेल्मेट ओढलं, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं, पाठीच्या कण्याचा विचार न करता त्याला पोत्यासारखं उचललं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाटातून मागून येणाऱ्या गाड्यांना थोपवायला वळणाच्या वर एकही माणूस उभा केला नाही. रस्त्याच्या मधोमध आम्ही दहा-बारा जण गोळा होऊन उभे होतो. एखाद्या ट्रकचा ब्रेक लागला नसता, तर त्या एका जखमीसोबत आम्हीही गेलो असतो.

या चुका मला उमगल्या त्या काही वर्षांनी, आणि त्याही फार दूरच्या एका बेटाविषयी वाचताना. आयल ऑफ मॅनच्या मोटरसायकल शर्यतींबद्दल मी वाचायला घेतलं ते शर्यत मारणाऱ्यांसाठी. हळूहळू लक्ष त्यांच्यावरून सरकलं आणि रस्त्याकडेला नारिंगी जाकिटं घालून उभ्या असलेल्या माणसांवर ठरलं. ही माणसं म्हणजे मार्शल. त्यांच्यामागे तयारीत असलेले डॉक्टर, परिचारक, हेलिकॉप्टरचे वैमानिक. या पुस्तकाचा विषय हीच माणसं आहेत.

आपण मराठीत मदतीचं कौतुक करतो तेव्हा ‘अमका धावून आला’ असं म्हणतो. धावणं ही आपल्याकडे मदतीची खूण आहे. रस्त्यावरच्या शर्यतींनी शंभर वर्षांत, पुष्कळ माणसं गमावून, जे शिकवलं ते वेगळं आहे. जी मदत जीव वाचवते, ती बहुतेक वेळा धावत आलेली नसते. ती त्या जागी आधीपासून उभी असते. तिला आपलं काम ठाऊक असतं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, हेही ठाऊक असतं. पुढची सगळी पानं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी ते बेट. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन आहे. आकाराने आपल्या बृहन्मुंबईपेक्षा किंचित लहान, वस्ती पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मोटरगाड्यांना ताशी 20 मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत भरवायला मनाई होती. मॅनची संसद मात्र स्वतंत्र. टिनवाल्ड हे तिचं नाव. तिने 1904 मध्ये शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याचा कायदा केला आणि 1907 मध्ये मोटरसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’, म्हणजे टीटी, तिथे झाली. 1911 पासून ती डोंगरावरच्या मोठ्या मार्गावर धावू लागली. त्या मार्गाची एक फेरी 37.73 मैलांची, म्हणजे जवळजवळ 61 किलोमीटरची आहे आणि तीत दोनशेहून जास्त वळणं आहेत.

हा मार्ग रोजच्या वापरातला आहे, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवावं. ब्रे हिलच्या उतारावर दोन्ही बाजूंना राहती घरं आहेत. कर्क मायकेल गावात दुकानांच्या दारांना लागून रस्ता जातो. बलाघ ब्रिजवर मोटरसायकलची दोन्ही चाकं जमीन सोडतात, आणि एरवी त्याच पुलावरून शाळेची बस जाते. रॅमझी शहर सोडलं की रस्ता स्नेफेल डोंगराच्या अंगावर चढतो आणि समुद्रसपाटीपासून 420 मीटरहून थोडा वर पोचतो. तिथे वस्ती नाही. दगडी कुंपणं, मेंढ्या, वारा आणि धुकं, बस्स. मॅनचे लोक या धुक्याला मॅनानन या सागरदेवाचं पांघरूण म्हणतात. बेटावर संकट आलं की तो ते पांघरूण ओढून बेट झाकतो, अशी तिथली जुनी समजूत आहे. शर्यतीच्या दिवसांत मात्र हे पांघरूण कुणालाच नको असतं. त्याचं कारण पुढे येईलच.

बंदिस्त ट्रॅकवर वळणाबाहेर खडीचा रुंद पट्टा असतो. घसरलेला स्पर्धक त्या खडीत रुतून थांबतो. इथे वळणाबाहेर भिंत असते, विजेचा खांब असतो, नाही तर कुणाच्या घराचं फाटक. पीटर हिकमन याने 2023 मध्ये या मार्गावरची सगळ्यात वेगवान फेरी मारली. तिचा सरासरी वेग ताशी 136.358 मैल, म्हणजे सुमारे 219 किलोमीटर होता. ही सरासरी आहे. सरळ पट्ट्यांवर वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जातो. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचा जीव गेला आहे.

हा आकडा प्रस्तावनेतच सांगून टाकतो. त्यावर पडदा टाकून पुढे लिहिणं मला जमणार नाही.

*

आता एक वळण जवळून पाहू. डोंगरावरचं, उजवीकडे वळणारं, डाव्या हाताला दगडी कुंपण असलेलं. कुंपणाच्या मागे पाच मार्शल सकाळपासून उभे आहेत. त्यांनी नोंदवहीत सही केली आहे. रस्ता बंद असेपर्यंत कायद्याने त्यांना पोलिसाचे अधिकार आहेत. हातात झेंडे, कानाला वायरलेस, पायाशी स्ट्रेचर, झाडू आणि तेल शोषणारी भुकटी. यातल्या कुणालाही पगार नाही. कुणी शाळेत शिकवतं, कुणी नळदुरुस्ती करतं, कुणी जर्मनीहून स्वतःच्या खर्चाने सुट्टी काढून आलं आहे.

टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. दर 10 सेकंदांनी एक, असे स्पर्धक सोडतात. म्हणजे या वळणावर एक जण पडला, तर पुढचा काही सेकंदांतच तिथे पोचणार. ताशी 200 किलोमीटरने येणारी मोटरसायकल एका सेकंदात 55 मीटर जाते. आणि वळण आंधळं आहे.

एक जण पडतो. मोटरसायकल कुंपणाला थडकते, तिचे तुकडे रस्त्यावर पसरतात, माणूस घरंगळत गवतात जाऊन पडतो.

सगळ्यात आधी कुणी काय करावं? आपल्या मनातलं उत्तर ‘त्याच्याकडे धाव घ्यावी’ हेच असतं. मार्शलला शिकवलेलं उत्तर निराळं आहे. ज्याच्या हातात पिवळा झेंडा आहे त्याने पडलेल्याकडे पाठ करायची, ज्या दिशेने पुढचा स्पर्धक येणार तिकडे तोंड करायचं आणि झेंडा जोरजोरात हलवायचा. मागून कण्हण्याचा आवाज आला तरी मान वळवायची नाही. त्याच्या झेंड्यावर मागे असलेल्या चौघांचा जीव अवलंबून आहे. दुसरा मार्शल वायरलेसवर बोलतो. जागा कोणती, क्रमांक कोणता, माणूस हलतोय का, रस्ता अडलाय का, एवढंच. किंकाळी नाही, फापटपसारा नाही. तिसरा आणि चौथा कुंपणाच्या कडेकडेने जखमीपाशी जातात, तेही वाहतुकीकडे नजर ठेवणाऱ्याने ‘आता’ म्हटल्यावरच. पाचवा रस्त्यावरचे तुकडे उचलतो. तेल सांडलं असेल, तर तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा बाहेर येतो. निसरडं झालं आहे, असा त्याचा अर्थ.

आणि लाल झेंडा? तो या पाचांच्या मनावर नाही. शर्यत थांबवायची की नाही, हे मुख्य नियंत्रण कक्षात बसलेला क्लर्क ऑफ द कोर्स ठरवतो, आणि त्याचा निर्णय वायरलेसवर ऐकलेल्या त्या दोन-तीन वाक्यांवर उभा असतो. खंबाटकीत आमच्यातल्या एकाने जरी या दुसऱ्या मार्शलसारखं नीट चार शब्दांत फोनवर सांगितलं असतं, तरी किती फरक पडला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जखमीपाशी पोचलेल्या दोघांचं काम दिसायला अगदी थोडं असतं. एक जण त्याच्या डोक्यापाशी गुडघे टेकतो आणि हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना हात लावून मान जिथे आहे तिथेच स्थिर धरतो. दुसरा हेल्मेटची काच वर करतो आणि श्वास पाहतो. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट तसंच राहू द्यायचं. ते काढायची घाई नाही. पण श्वास अडत असेल, तर ते काढावंच लागतं. तेव्हा एकाने खालून मान आणि जबडा पेलायचा आणि दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, मागेपुढे हलकेच कलतं करत, सावकाश सोडवायचं. दोन माणसं, चार हात, आणि एकाने सांगितलेल्या तालावर दुसऱ्याची हालचाल. यासाठी सराव लागतो. म्हणून हंगामाच्या आधी मार्शलांचे वर्ग भरतात, पुतळ्यांवर हे पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं.

टीटीच्या एका सत्राला असे पाचशेहून अधिक मार्शल लागतात. ठरलेल्या जागा भरल्या नाहीत, तर मोटरसायकली सुरूच होत नाहीत. लाखमोलाची यंत्रं, नावाजलेले स्पर्धक, टीव्हीचे कॅमेरे, सगळं तयार असतं आणि डोंगरावरच्या एका वळणावर दोन माणसं कमी आहेत म्हणून सगळे खोळंबतात. 1962 मध्ये या मार्शलांची संघटना स्थापन झाली, तिला आज साठहून अधिक वर्षं झाली. शर्यतीचा खरा पाया कोण, हे या खोळंब्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

*

ही व्यवस्था कुणी एका बैठकीत आखलेली नाही. तिचे बरेच चिरे कुणाच्या तरी मरणानंतर बसले आहेत. 1934 च्या लाइटवेट, म्हणजे लहान इंजिनांच्या मोटरसायकलींच्या, शर्यतीत सिड क्रॅबट्री डोंगरावरच्या धुक्यात पडला. तो कुठे आहे, हे कळायलाच वेळ गेला. दुसऱ्या वर्षी, 1935 मध्ये, आयोजकांनी मोटरसायकलवर फिरणारे मार्शल नेमले. आर्थर सिमकॉक आणि विक ब्रिटन हे पहिले दोघे. दोघेही कसलेले स्पर्धक होते, कारण बंद रस्त्यावरून, धुक्यातून, पावसातून, शर्यतीच्या मधूनच झपाट्याने जाऊन जखमीपाशी पोचायचं, तर हात तितकेच तयार हवेत. आजही फिरते मार्शल आहेत. सत्र सुरू होण्याआधी तेच मार्ग तपासून येतात, आणि अपघात झाला की नेमलेल्या जागेवरून निघून बरेचदा तेच पहिले प्रशिक्षित मदतनीस ठरतात.

1963 मध्ये त्यात हेलिकॉप्टरची भर पडली. त्या वर्षीच्या लाइटवेट शर्यतीत टोनी गॉडफ्रे पडला आणि शर्यतीतून हेलिकॉप्टरने रुग्णालयात पोचवलेला तो पहिला स्पर्धक ठरला. साठ किलोमीटरचा मार्ग, त्यावर धावत असलेली शर्यत आणि मध्ये डोंगर. अशा ठिकाणी आकाशातूनच जाणं शहाणपणाचं होतं. आज ही हेलिकॉप्टरं ‘एअरमेड’ या नावाने ओळखली जातात. जखमीला ती ब्रॅडनच्या नोबल्स हॉस्पिटलात नेतात, आणि तिथून फार गंभीर रुग्णांना समुद्रापलीकडे लिव्हरपूलला हलवावं लागतं. धुकं नकोसं का, ते इथे कळतं. हेलिकॉप्टरला डोंगर दिसत नसेल, तर शर्यत होत नाही. खाली डग्लसमध्ये लख्ख ऊन पडलेलं असतं, हजारो प्रेक्षक कुंपणांवर बसलेले असतात, आणि वर मॅनाननचं पांघरूण हटेपर्यंत सगळे वाट पाहतात. मदत पोचणार नसेल तर धोका पत्करायचा नाही, हा नियम त्या बेटाने अंगी मुरवून घेतला आहे.

रॉब वाइन हा तरुण 1985 च्या टीटीत गेला. त्याच्या नावाने उभारलेला निधी आजही मार्गावरच्या वैद्यकीय साधनांसाठी आणि मार्शलांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो. शोकाचं रूपांतर स्ट्रेचरमध्ये, पट्ट्यांमध्ये, सरावाच्या वर्गांमध्ये करण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

व्यवस्था चुकतेही, आणि चुकली की फार महाग पडते. 2005 च्या सीनियर टीटीत कर्क मायकेलमध्ये एक स्पर्धक आणि रस्ता ओलांडणारी एक मार्शल यांची धडक झाली आणि दोघांचाही मृत्यू झाला. 2018 मध्ये एका अपघातामुळे सराव थांबवला गेला. परत फिरलेल्या एका स्पर्धकाला, त्या अपघातस्थळाकडे निघालेल्या अधिकृत मोटारीची समोरासमोर धडक बसली आणि तो गंभीर जखमी झाला. मदतीला निघालेलं वाहनच नवा अपघात घडवू शकतं, ही त्यातली कटू शिकवण. 2022 मध्ये साइडकार शर्यतीत दोघा सहकाऱ्यांचा अपघात झाला. एक जागीच गेला, दुसऱ्याला लिव्हरपूलला नेलं. पण ओळख पटवताना अदलाबदल झाली. जो जिवंत होता त्याच्या घरी मृत्यूची बातमी गेली, आणि जो गेला होता त्याच्या घरचे काही दिवस आशेवर राहिले. पुढे रुग्णालयातला तो दुसराही वारला. हाताला बांधलेली एक पट्टी, नीट तपासलेलं एक नाव, या गोष्टी किती मोठ्या असतात, हे त्या दोन घरांना विचारावं. मदतीचं काम श्वास आणि रक्त यांपाशी संपत नाही, एवढं मी यातून शिकलो.

*

आयर्लंडमध्ये रस्त्यावरच्या शर्यतींची रीत थोडी वेगळी आहे. तिथे स्पर्धक गटाने, एकदम सुटतात. पहिल्या फेरीत सगळे दाटीने एकमेकांना खेटून धावतात आणि धोका सर्वांत जास्त असतो तो तेव्हाच. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एक धाडसी तोडगा काढला. पहिल्या फेरीत डॉक्टर स्वतःच मोटरसायकलवर बसून या घोळक्याच्या मागे धावतात. अंगावर स्पर्धकासारखाच चामडी पोशाख, पाठीवर श्वासनलिकेत घालायच्या नळीपासून औषधांपर्यंत सगळं भरलेली पिशवी. कुणी पडलाच, तर डॉक्टर मिनिटाच्या आत त्याच्यापाशी असतो.

फ्रेड मॅकसॉर्ली आणि जॉन हाइंड्स ही या कामातली दोन ठळक नावं. हाइंड्स उत्तर आयर्लंडमधल्या क्रेगॅव्हन रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागाचा डॉक्टर होता. आठवडाभर रुग्णालयात आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या रस्त्यावर, असं त्याचं आयुष्य. शर्यतींमध्ये पाहिलेल्या जखमींविषयी त्याने आणीबाणीच्या वैद्यकाच्या परिषदांमध्ये जी भाषणं केली, ती जगभरच्या डॉक्टरांनी ऐकली.

त्यातला एक मुद्दा इथे नीट सांगायला हवा, कारण तो आपल्या रस्त्यांवरही तंतोतंत लागू आहे. डोक्याला जोराचा फटका बसला की काही वेळा मेंदूकडून येणारा श्वासाचा हुकूमच थांबतो. हृदय चालू असतं, छाती मात्र हलत नाही. त्याच क्षणी कुणी जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा केला, अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या श्वासपिशवीने, चार श्वास दिले, तर बरेचदा श्वास पुन्हा आपणहून सुरू होतो आणि माणूस वाचू शकतो. कुणीच नसेल तर शरीरातला प्राणवायू संपतो आणि थोड्या मिनिटांत हृदयही थांबतं. दहा-पंधरा मिनिटांनी रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत माणूस गेलेला असतो, आणि डोक्याच्या दुखापतीने गेला, वाचण्यासारखा नव्हताच, असं सगळे धरून चालतात. हाइंड्ससारखे डॉक्टर पहिल्याच मिनिटाला तिथे हजर होते, म्हणून त्यांना हे थांबलेले श्वास दिसले. दहाव्या मिनिटाला पोचणाऱ्याला ते कधीच दिसणार नाहीत. हाइंड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचा या विषयावरचा लेख 2016 मध्ये ‘रिससिटेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

तो छापून आला तेव्हा हाइंड्स नव्हता. 3 जुलै 2015 रोजी डब्लिनजवळच्या स्केरीज इथे शर्यतीच्या सरावात वैद्यकीय बंदोबस्तावर असताना त्याची मोटरसायकल पडली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय 35. मरण्याआधी तो एका गोष्टीसाठी झगडत होता. युनायटेड किंग्डममध्ये एकट्या उत्तर आयर्लंडलाच डॉक्टर घेऊन जाणारं रुग्ण-हेलिकॉप्टर नव्हतं, ते हवं होतं. त्याच्या जाण्यानंतर त्याची जोडीदार डॉ. जॅनेट अचेसन हिने आणि हजारो लोकांनी ही मागणी लावून धरली. जुलै 2017 मध्ये हेलिकॉप्टर उडालं. त्याची पहिली फेरी शर्यतीच्या मार्गावर झाली नाही. शेतावर जखमी झालेल्या एका मुलासाठी झाली.

शर्यतींचं समर्थन करण्यासाठी मी हे सांगत नाही. शर्यतीत शिकलेली गोष्ट शर्यतीतच अडकून राहत नाही, एवढंच दाखवायचं आहे.

*

वाचकाच्या मनात आतापर्यंत एक प्रश्न आलाच असेल. इतकी माणसं जिथे मरतात तिथे शर्यत भरवायचीच कशाला, आणि तिच्या मदतीला चांगली माणसं उभी राहतात, तर ती त्या मरणाला हातभार नाही का लावत? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. शर्यतीतले मोठमोठे लोकही त्याला सामोरे गेले आहेत. 1972 मध्ये जिल्बर्टो पार्लोट्टी टीटीत गेला, त्या वर्षानंतर जगज्जेता जाकोमो आगोस्तिनी तिथे पुन्हा शर्यतीला उतरला नाही. 1976 नंतर टीटीला जागतिक अजिंक्यपदातलं स्थानही उरलं नाही. शर्यत मात्र थांबली नाही, कारण धावायला येणारे थांबले नाहीत.

मार्शलांपाशी या प्रश्नाचं तयार उत्तर नसतं. माझ्या वाचनात त्यांच्या ज्या आठवणी आल्या, त्यांत मृत्यू पाहिल्यानंतर जाकीट उतरवून कायमचे घरी गेलेलेही आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर पुन्हा उभे राहिलेलेही आहेत. दोघांबद्दलही मला सारखाच आदर आहे. माझं स्वतःचं मत विचाराल, तर धोका कुणी पत्करावा, हे मी ठरवू शकत नाही. पण जो पडणार आहे तो एकटा पडू नये, यासाठी उभं राहणं हे कुठल्याही काळात चांगलं काम आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला आपण तो का पडला हे आधी विचारत नाही. विचारूही नये.

*

मराठीत या विषयावर लिहायचं कशासाठी? टीटीसारखी शर्यत आपल्याकडे नाही, आणि ती यावी असं मला वाटतही नाही. पण आपले घाट आहेत, महामार्ग आहेत, आणि रोज पडणारी माणसं आहेत. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. 2017 मध्ये मुंबईच्या गर्दीत मोटरसायकलवरून जाणारी रुग्णसेवाही सुरू झाली. मोटरसायकलवरचा डॉक्टर ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पोलीस-कोर्टाच्या झंझटीच्या भीतीने हात मागे घेण्याचं कारण त्यामुळे कमी झालं आहे. रुग्णवाहिका आहे, कायदा आहे. उरतात ती मधली दहा मिनिटं. ती दहा मिनिटं आपली, रस्त्यावर असलेल्या माणसांची आहेत. त्या दहा मिनिटांत काय करायचं आणि काय करायचं नाही, ते मॅनच्या डोंगरावर कुंपणामागे उभ्या असलेल्या शिक्षकाकडून आणि नळदुरुस्ती करणाऱ्याकडून शिकता येतं.

या पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात रस्ता आणि त्यावर नजर ठेवणारे मार्शल येतात. झेंड्यांची भाषा, वायरलेसवरचं बोलणं, जागांची आखणी. दुसऱ्यात वैद्यकीय पथक येतं, फिरत्या मार्शलांपासून हेलिकॉप्टर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत. तिसऱ्यात ही माणसं घरी परततात तेव्हा सोबत काय घेऊन जातात, ते मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मार्शल, वायरलेस, स्ट्रेचर हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. आपण बोलताना तेच वापरतो, आणि अपघाताच्या वेळी शब्द शोधत बसायला सवड नसते. वैद्यकीय माहिती दिली आहे ती काम समजावं म्हणून. तिच्या जोरावर कुणी उपचार करायला जाऊ नये. प्रथमोपचार हाताने शिकायचे असतात. तुमच्या गावात, कॉलेजात, कारखान्यात असा वर्ग असेल तर एक दिवस काढून तिथे जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी स्वतः तो वर्ग केला. हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं ते पुतळ्यावर केलं, तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या मऊ प्लास्टिकच्या मानेखाली हात घातला आणि खंबाटकीतला तो मुलगा आठवला. त्याच्या मानेखाली त्या दिवशी कुणाचाच हात नव्हता.

आता माझ्या गाडीच्या डिकीत एक नारिंगी जाकीट आणि एक लाल कापड असतं. मागच्या वर्षी दिवेघाटात पुन्हा एक दुचाकी घसरलेली दिसली. चार-पाच जण तिच्याकडे पळत होते. त्यातल्या एकाला मी ओरडून सांगितलं, मान धरा, हेल्मेट काढू नका, 108 ला फोन करा. आणि मी जाकीट चढवून उलट्या दिशेने, वळणाच्या वरच्या बाजूला चालत गेलो. तिथून मला जखमी दिसत नव्हता. खाली काय चाललं आहे ते पाहावं, असं फार वाटत होतं. पण वरून एक ट्रक येत होता. मी कापड हलवायला लागलो.